१९६९ ची ‘झेड-२८’ रेस कॅमॅरो : कागद खरे, गाडी दुसरीच

जाहिरात अशी होती : १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो, अस्सल झेड-२८ (कॅमॅरोची कारखान्यातूनच येणारी खास वेगवान आवृत्ती), ड्रॅग स्ट्रिपसाठी म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी तयार, ५०० हॉर्सपॉवर, रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) बसवलेला, ५८,००० डॉलर. सोबत डायनोचा म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद, टाइम स्लिपा (शर्यतीनंतर मिळणाऱ्या वेळ-वेगाच्या चिठ्ठ्या) आणि जुन्या बिलांची जाडजूड फाइल. टेक्सासमधल्या एका मराठी खरेदीदाराने फोटो आणि व्हिडिओ कॉलच्या भरवशावर सौदा केला. गाडी ट्रेलरवरून उतरल्यावर लिफ्टवर घेतली तेव्हा कळलं, की फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद खरा आहे, फक्त तो या गाडीचा नाही.

या धंद्यात प्रत्येक शंकेला एकच उत्तर मिळतं : ‘रेसची गाडी आहे.’ मूळ इंजिन नाही? रेसची गाडी आहे. हीटर, गालिचे, मागची सीट नाही? रेसची गाडी आहे. उत्तर पटतं, कारण रेससाठी हे सगळं खरोखरच काढतात. पण गाडीची ओळख पटवणारे भागही त्यातच जातात. म्हणून रेसमुळे जे बदलत नाही, तिथून तपासायला सुरुवात करा.

१९६९ च्या व्ही-८ कॅमॅरो कूपचा व्हीआयएन म्हणजे ओळख क्रमांक १२४३७९ ने सुरू होतो, सहा सिलिंडरवालीचा १२३३७९ ने. पुढचं अक्षर कारखान्याचं : एन म्हणजे ओहायोतलं नॉरवूड, एल म्हणजे लॉस एंजेलिस. झेड-२८ आहे की नाही, हे व्हीआयएनवरून कळतच नाही. ते फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) ट्रिम टॅगवर, म्हणजे कारखान्याच्या कोडच्या छोट्या पट्टीवर दिसू शकतं : एक्स-३३ किंवा एक्स-७७ हे झेड-२८ चे कोड. पण हे एक्स कोड फक्त नॉरवूडच्या टॅगवर, तेही डिसेंबर १९६८ पासून आले. या गाडीचा व्हीआयएन एलचा आणि टॅगवर एक्स-३३. म्हणजे टॅग नकली, विषय तिथेच संपला. नकली टॅग आणि फुलाच्या आकाराचे रिव्हेटसुद्धा विकत मिळतात, त्यामुळे ‘टॅग आहे’ याला स्वतंत्र किंमत नाही.

व्हीआयएनचा छुपा ठसा फायरवॉलवर हीटर बॉक्सच्या मागे असतो. हीटर काढलेल्या गाडीत तो उघडाच दिसायला हवा. इथे नेमकी तिथे रिव्हेट मारून ॲल्युमिनियमची पट्टी बसवली होती. अशी पट्टी दिसली, तर ती काढून ठशाचा फोटो पाठवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला, तर बोलणी थांबवा.

मग इंजिन. झेड-२८ चं ३०२ घनइंची इंजिन १९६९ मध्ये ‘डीझेड’ ठशाचं होतं. हा ठसा उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट पॅडवर असतो. इथेही ‘डीझेड’ होतं. पण टॉर्च तिरकी धरली तर पॅड आरशासारखं गुळगुळीत. कारखान्याच्या पॅडवर केसासारख्या बारीक समांतर रेघा असतात. ब्लॉक घासून नवा ठसा मारला की त्या जातात. ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवर ओतकामाची तारीख होती : एच १२ २, म्हणजे १२ ऑगस्ट, वर्षाचा शेवटचा आकडा २. म्हणजे १९६२, १९७२ किंवा १९८२. १९६९ च्या गाडीत तो ब्लॉक कारखान्यातून येऊच शकत नाही.

ताकदीचा दावा तपासायला तर कागद-पेन्सिल पुरे. टाइम स्लिपवर पाव मैलाच्या शेवटचा वेग असतो. तो २३४ ने भागा, येईल त्याचा घन करा, ड्रायव्हरसकट वजनाने (पाउंडांत) गुणा. स्लिपवर ताशी १०६ मैल वेग, वजन ३,४०० पाउंड. उत्तर साधारण ३१५ हॉर्सपॉवर. ५०० असती तर वेग १२३ च्या पुढे दिसला असता. डायनोचा कागद ३८३ घनइंची इंजिनाचा होता. उघडल्यावर निघालं ३५५. जाहिरात देणाऱ्याने दोन्ही कागद स्वतःच पाठवले होते, आणि हे गणित टोकन देण्याआधी करता आलं असतं, याची हळहळ वाटते.

व्हिडिओ कॉलवर ऑइल प्रेशर ६० पीएसआय दिसलं, कारण इंजिन गार होतं. गरम झाल्यावर ३,००० आरपीएमला २२. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना हिशेब धरा आणि वीस मिनिटं चालवलेल्या इंजिनाचाच काटा मागा. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते पाहतात) सातव्या सिलिंडरमधून ३२ टक्के हवा निसटत होती, फुसफुस ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या झाकणातून), म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. चांगल्या इंजिनात हा आकडा दहाच्या आत हवा. आवाज एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

मागच्या चाकांवरच्या पत्र्याला चुंबक चिकटेना. पेंट गेजवर १,५०० मायक्रॉन. दोनदा रंगवलेला पत्राही ३००-४०० च्या आसपास असतो. बाकी सगळी पुट्टी.

सर्वांत वाईट केज. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांप्रमाणे पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून जलद कापणाऱ्या अशा जुन्या गाडीला रोल बार (ड्रायव्हरच्या मागची नळीची कमान) लागतो : साध्या स्टीलची नळी, व्यास १.७५ इंच, जाडी किमान ०.११८ इंच. जमिनीला बोल्ट करायचा तर वर-खाली ६ इंच चौरस, ०.१२५ इंच जाडीच्या प्लेटा आणि किमान चार ३/८ इंची बोल्ट. इथे पातळ नळी गंजलेल्या फ्लोअरवर थेट वेल्ड केली होती, प्लेट नाहीच. स्क्रूड्रायव्हर दाबला तो आरपार गेला. गाडी उलटली असती तर तो पाया फ्लोअर फाडून वर आला असता. रंग चकचकीत होता, म्हणून फोटोत काहीच दिसलं नाही. बेल्टच्या लेबलवरची तारीखही वाचा. एसएफआय (रेसच्या सुरक्षा साधनांचं मानक) बेल्ट बनवल्यापासून दोन वर्षंच चालतात.

१९८१ च्या आधीच्या गाड्यांना १७ अंकी व्हीआयएन नसतो, त्यामुळे नेहमीचे ऑनलाइन हिस्ट्री रिपोर्ट इथे कामाचे नाहीत. माणूस पाठवूनच तपासणी करा, आणि टोकन त्यानंतरच. एस्क्रो कंपनी (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी तिसरी संस्था) विक्रेत्याने सुचवलेली नको. ‘आहे तशी’ अशा विक्रीपत्रामुळे दोषांची जबाबदारी टळते, पण जाणूनबुजून सांगितलेलं खोटं सहसा त्यात बसत नाही. त्यामुळे जाहिरातीचे आणि मेसेजांचे स्क्रीनशॉट पैसे पाठवण्याआधीच ठेवा. या प्रकरणात जाहिरात दुसऱ्या दिवशी काढून टाकली गेली, आणि एफबीआयच्या आयसी-३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करताना सौद्याचा पुरावा म्हणून हातात फक्त बँकेची पावती उरली होती.