विंडोज ११ शेजारी लिनक्स मिंट २२: इन्स्टॉलर उत्तम, पण आधीची तयारी चुकवू नका

विंडोज ११ न काढता त्याच लॅपटॉपवर लिनक्स हवं असेल, तर मिंट २२ ची सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. जुलै २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टिम चालवायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूत विंडोज आपोआप येतं, कारण डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मिंटने चालू ठेवलाय. मूळ ग्रबमध्ये तो बंद असतो आणि नवशिक्याला वाटतं, विंडोज उडालं!

घोळ होतात ते बहुतेक विंडोजकडची कामं राहिल्यामुळे. पहिलं काम बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं. होम आवृत्तीत त्यालाच डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि नव्या लॅपटॉपवर ते बहुधा चालूच असतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग ते बंद करा आणि डिक्रिप्शन पुरतं संपू द्या. एन्क्रिप्शन चालू असताना आणि की हाताशी नसताना सिक्युअर बूटला (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगला) हात लावलात, तर विंडोज तीच मागत अडून बसेल. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शटडाऊननंतरही विंडोज अर्धवट झोपेतच राहतं आणि मिंटमधून त्याचे ड्राइव्ह फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. किमान २० जीबी लागते, पण १०० द्या. सी ड्राइव्ह रिकामा दिसूनही श्रिंक (ड्राइव्ह लहान करण्याचा पर्याय) मोजकीच जागा देत असेल, तर पेज फाइल आणि हायबरनेशन फाइल वाटेत बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही, तर बहुधा बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धती) चालू आहे. त्याऐवजी एएचसीआय ही साधी पद्धत निवडावी लागते. ती निवडण्याआधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग प्रोग्राममधून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवा, नाहीतर निळा पडदा ठरलेला. इन्स्टॉलरच्या डिस्क विभागणीच्या पानावर ‘समथिंग एल्स’ निवडा आणि मोकळ्या जागेत ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं रूट पार्टिशन (मिंट जिथे बसेल तो डिस्कचा भाग) करा. ईएफआय पार्टिशन विंडोजचंच वापरायचं, पण त्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नको. तिथे विंडोज सुरू करणारा बूटलोडर असतो.

दोन्ही सुरू झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडेल. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने ते घड्याळ स्थानिक वेळेवर आणलं की भागतं.