22 पिना, चार ग्लूचे ठिपके: आठ महिन्यांनंतर

एकाच वर्षात दोन ऑपरेशनं झाली, त्यामुळे तुलना आपसूकच झाली. गुडघ्याजवळच्या हाडात प्लेट बसवली तेव्हा कातडी 22 स्टेपलनी, म्हणजे धातूच्या पिनांनी, बंद केली होती, त्याला आठ महिने झाले. पित्ताशय दुर्बिणीतून काढलं त्याला पाच. तिथे चार छोट्या छेदांना आतून विरघळणारे टाके आणि वरून कातडी चिकटवणारा ग्लू.

स्टेपल दिसायला भयंकर. पहिल्यांदा ड्रेसिंग उघडलं तेव्हा पायाला कुणी चेन शिवली आहे असंच वाटलं. त्रास मात्र तेवढा नव्हता, पांघरुणाचे धागे अडकायचे इतकंच. 14 व्या दिवशी काढले. (चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत निघतात, वाकणाऱ्या सांध्यावर घाई करत नाहीत.) काढायचा चिमटा पिन उपटत नाही. मधोमध दाबतो, की दोन्ही टोकं आपोआप वर येतात. बऱ्याचशा कळल्याही नाहीत. खालच्या तीन-चार पिनांवर खपली धरली होती, तिथे मात्र दात-ओठ खाल्ले.

ग्लूचं सुख म्हणजे काढायला फेरी नाही. जांभळट, चकचकीत पापुद्रा आठव्या दिवसापासून कडेने सुटू लागला. खाज अशी, की नख आपोआप तिकडे जातं. मी एक कोपरा ओढलाच, टिपूसभर रक्त आलं. आणि त्यावर व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावू नका, ग्लू सैल होतो.

खरी तक्रार विरघळणाऱ्या टाक्यांची. नावावरून वाटतं, आठवडाभरात गेले. प्रत्यक्षात काही धागे दोन महिने, काही तीन-चार महिने आत राहतात. सहाव्या आठवड्यात बेंबीपाशी लाल पुळी आली, फुटली, आणि आतून मिशीच्या केसाएवढं टोक डोकावलं. मी हादरलो. सर्जननी चिमट्यात धरून कात्रीने उडवलं, दोन मिनिटांचं काम. शरीर कधी कधी धागा असा बाहेर ढकलतं म्हणे. डिस्चार्जच्या वेळी कुणी एवढं बोललं असतं तर ती रात्र जागून काढली नसती.

आज पोटावरचे व्रण शोधावे लागतात. गुडघ्यावरची रेघ रुंद आहे, दोन्ही बाजूंना पिनांचे ठिपके. पण सगळा दोष पिनांना कसा देऊ? व्यायामात तीच कातडी रोज ताणली गेली, आणि भरलेली जखम तीन महिन्यांनीही मूळच्या जेमतेम 80 टक्के ताकदीची असते.

प्लेट काढायची झाली तर छेद त्याच रेघेवर. या वेळी ग्लू चालेल का, विचारून पाहिलं. सर्जन म्हणाले, "गुडघ्यावर नुसता ग्लू? पहिल्यांदा वाकवलात की उघडेल."