शटरच्या आडव्या पट्टीचं टोक: ठोकळा की कोपिंग स्लेड?

राउटर टेबलवर किचनच्या कपाटाच्या शटरची, म्हणजे दाराची, चौकट करताना उभ्या पट्ट्या सोप्या. खरी परीक्षा आडव्या पट्टीच्या टोकाची; ते उभ्या पट्टीच्या कडेच्या खाचेत बसेल असं कापायचं असतं. तिथे बिट (राउटरचं फिरतं पातं) लाकडाच्या रेषांना आडवं कापतं आणि ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी फेन्सच्या (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीच्या) फटीपाशी सहज तिरकी होते.

पहिला मार्ग ठोकळ्याचा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या १८ मिलिमीटर प्लायचा उरलेला तुकडा गुण्या लावून काटकोनात कापायचा, फेन्सला टेकवून पट्टीमागून ढकलायचा. खर्च जवळपास नाही. बिट बाहेर पडताना टवका उडतो तो ठोकळ्याचा, पट्टीचा नाही. पण पट्टी हातानेच दाबावी लागते, बोटं बिटजवळ येतात. मला ते अजिबात पटत नाही.

दुसरा मार्ग कोपिंग स्लेडचा, म्हणजे पट्टी बसवून बिटसमोरून ढकलायच्या सरकत्या पाटीचा. स्लेडवर टॉगल क्लॅम्प (खटक्याची पकड) पट्टी घट्ट धरतो, हात मुठीवर राहतात. दहा शटरच्या वीस पट्ट्या एकसारख्या निघतात. मागे टवके झेलणारा तुकडा मात्र इथेही हवाच. आणि एक गोष्ट विसरू नका: स्लेडच्या तळाची जाडी धरून बिट तेवढं वर घ्यावं लागतं. बिटची दांडी कॉलेटमध्ये (राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत) पुरेशी उरत नसेल तर पातळ तळाचा स्लेडच हवा. उंची टाकाऊ पट्टीवर तपासून घ्या.

दोन्हींत टोकं आधी, कडेची खाच नंतर.

एखाद-दुसरं शटर, तेही रुंद पट्टीचं, असेल तर ठोकळा चालेल. ओट्याखालचं सगळं काम सागवानात करायचं असेल तर मी स्लेडच घेईन.