प्रवाळावरचा स्पंज: खरवडायचा की उपाशी मारायचा?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या झोअँथस या प्रवाळाच्या देठांत पिवळा स्पंज (पाणी गाळून जगणारा सजीव) शिरलाय, काय करू, असं एका मित्राने विचारलं.

खर्चात खरवडणं स्वस्त: चिमटा आणि जुना टूथब्रश. उपाशी मारायचं तर पाण्यातलं सिलिकेट-फॉस्फेट शोषणारं माध्यम वरचेवर बदलावं लागतं, खिसा हलका होतो.

मेहनतीचं गणित उलटं. खरवडायचं तर प्रवाळाचा दगड बाहेर काढून, बादलीत टाकीचंच पाणी घेऊन घासायचं. टाकीत सुटलेला तुकडा पुन्हा रुजू शकतो. काही स्पंज फाटल्यावर विष सोडतात, म्हणून नंतर विष शोषायला टाकीत ॲक्टिव्हेटेड कार्बन. झोअँथसमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं: हातमोजे, चष्मा हवेतच आणि उकळतं पाणी चुकूनही नको.

टिकाऊपणात उपासमार सरस, पण गोगलगायीच्या चालीने. स्पंज जिवाणू आणि बारीक कण गाळून खातो, बऱ्याच जातींच्या अंगातल्या सूक्ष्म काट्यांना सिलिका लागते. आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी वापरलं, टाकीत टाकायचं खाणं आवरलं की वाढ मंदावते. अति केलं तर प्रवाळच फिके पडतात!

एकदोन दगडांवरच असेल, प्रवाळाचे पॉलिप (फुलासारखी तोंडं) उघडत नसतील तर खरवडा. टाकीभर पसरला असेल तर उपाशी ठेवा. आणि सम्पमधल्या (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतल्या) स्पंजला हात लावू नका, तो फुकटचा फिल्टर आहे.