पेपर छापून देणारे ‘सर’

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: ‘नवीन संशोधकांसाठी मोफत मार्गदर्शन, आठवड्यात पेपर (शोधनिबंध) प्रकाशनाची हमी.’ मी बी.एड. कॉलेजात शिकवते. मलाही तो आला होता. पुढे जे घडलं ते लिहिते आहे, कारण या मंडळींचा धंदा अजून जोरात आहे.

नौपाड्यात एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी कार्यशाळा होती. खरं सांगायचं तर कार्यशाळा चांगली झाली. संशोधनाचा प्रश्न नेमका कसा करायचा, नमुना का आणि कसा निवडला हे कसं मांडायचं, पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे नुसती नावांची जंत्री का नव्हे, हे सगळं त्या सरांनी नीट समजावलं. गाईडकडून इतका निवांत वेळ आमच्यापैकी फार थोड्यांना मिळतो. गळाला लावलेलं आमिष हेच. चहाच्या वेळी ते एकेकाला बाजूला घेत होते. “मॅडम, दोन पेपरशिवाय थीसिस जमा करून घेत नाहीत. तुम्ही फक्त वर्ड फाईल पाठवा, बाकी आमच्यावर सोडा.”

पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. काही विद्यापीठं स्वतःच्या नियमाने अजून पेपर मागतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाचावं. भीती विकणाऱ्याला हा फरक कशाला सांगायचा असेल?

माझा पेपर महापालिका शाळेतल्या तिसरीच्या मुलांच्या वाचनावर होता. घरी आगरी बोलणारी मुलं पाठ्यपुस्तकातल्या मराठीपाशी कुठे अडखळतात, याची वर्गात बसून केलेली निरीक्षणं. रात्री फाईल पाठवली, सकाळी स्वीकारपत्र हजर. समीक्षकांचा शेरा एवढाच: ‘उत्तम, स्वीकारावा.’ बऱ्या जर्नलमध्ये (संशोधन नियतकालिकात) समीक्षेला महिने लागतात आणि शेरे वाचून घाम फुटतो. मग मागण्या सुरू झाल्या. प्रोसेसिंगचे ४,५०० रुपये, डीओआयचे (लेखाच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाचे) वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे, सगळे कुणा तिसऱ्याच व्यक्तीच्या यूपीआयवर. जर्नल ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असल्याचा स्क्रीनशॉटही आला. मान्य जर्नलांची ती केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली आहे, तरी तिच्या नावावर दुकानं चालू आहेत.

पेपर छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. आधीची दोन नावं कुणा परराज्यातल्या लोकांची, ज्यांनी ऐरोलीतली शाळा कधी पाहिली नसेल. जाब विचारला तर उत्तर आलं, “को-ऑथर घेतले की तुमचेच चार्जेस कमी होतात, मॅडम.” म्हणजे पहिल्या लेखकाची जागा वेगळ्या भावाने विकली गेली होती. चौकशी केली तर जर्नलही नकली. नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) एका खऱ्या त्रैमासिकाचे, संकेतस्थळ मात्र यांचं. मूळ संपादकांना ईमेल केली, तर असा लेख आमच्याकडे आलेलाच नाही, असं त्यांनी लेखी कळवलं.

पैशांपेक्षा वाईट पुढे आहे. पेपर काढून टाका म्हटल्यावर ‘विथड्रॉवल चार्जेस’ म्हणून १२,००० रुपये मागितले. तोच मजकूर दुसरीकडे पाठवावा, तर साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर त्या नकली जर्नलमधल्या प्रतीशी तो जुळवून दाखवतं. माझीच निरीक्षणं, आणि चोर मी ठरणार!

पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असंही नाही. काही खरी, वाचकांना लेख फुकट देणारी ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स शुल्क घेतात, पण ते संकेतस्थळावर आधीच लिहिलेलं असतं. उलट एनसीईआरटीची ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ किंवा ‘भारतीय आधुनिक शिक्षा’ लेखकाकडून काही घेत नाहीत. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. आयएसएसएन पोर्टलवर तो टाकला की प्रकाशनाचं नाव आणि देश फुकट दिसतो. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या जर्नलांची यादीही फुकट पाहता येते. नकली प्रतींसाठी, मागे घेतलेल्या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ने अपहृत जर्नलांची वेगळी यादी ठेवली आहे. इम्पॅक्ट फॅक्टरचा (जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्याचा) आकडा कुणी तोंडावर फेकला, तर तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ या वार्षिक अहवालात आहे का, एवढंच विचारा. बहुतेक वेळा तिथेच बोलणं खुंटतं.

विथड्रॉवलचे पैसे मी दिले नाहीत, कुणी देऊही नयेत. एकदा दिले की पुढची मागणी तयारच असते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. मूळ संपादकांचं पत्र, यूपीआयच्या पावत्या आणि तारखांसह जुने मसुदे गाईडकडे व विद्यापीठाच्या संशोधन विभागाकडे दिले आहेत. आधी भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. ज्यांनी अशा कुणाला नुसता गोषवारा जरी पाठवला असेल, त्यांनी आपल्या पेपरचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधावं आणि खाली लेखक म्हणून कुणाची नावं आहेत ती पाहावीत.