एनए मियाटा: अकरा महिने दुरुस्ती, सात महिने वापर, आणि सीटमागच्या त्या दोन नळ्या

परवा सिग्नलला क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. पाय थेट फ्लोअरला टेकला, पहिला गिअर काही पडेना. शेवटी इंजिन बंद केलं, पहिला टाकला आणि स्टार्टरवरच गाडी कशीबशी कडेला घेतली. गाडी ओढून नेणारा टो-ट्रक यायला तास लागणार होता. तेवढ्यात सवयीने हात सीटच्या मागे गालिच्याखाली घातला. खडखडीत कोरडा. आदल्या रात्रभर पाऊस पडत होता, गाडी उघड्यावर उभी होती, आणि गालिचा कोरडा. खरं सांगतो, क्लच गेल्याचं दुःख तिथेच निम्मं झालं. म्हणून आज सगळं लिहायला बसलोय.

गाडी म्हणजे माझ्दाची मियाटा, दोन सीटची, कापडी टॉप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, आणि एनए म्हणजे तिची पहिली पिढी. माझी १९९२ ची, १.६ लिटर इंजिन, पाच गिअर. बाकी स्पेक तुम्हाला पाठच असणार, ते परत लिहीत नाही. माझ्याकडे यायच्या आधी नऊ वर्षं एका झाडाखाली कव्हर घालून उभी होती. ज्या काकांची होती त्यांनी प्रेमाने कव्हर घातलं होतं, पण वर्षानुवर्षं न काढलेलं कव्हर म्हणजे आतला ओलावा कोंडून ठेवायची सोय, आणि झाडाची पानं त्याच्याही खाली जातात.

इंजिनची मला सगळ्यात जास्त भीती होती आणि त्यानेच सगळ्यात कमी त्रास दिला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला २१ चा पाना लावून हाताने फिरवलं, फिरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, त्याला पार वॉर्निशचा वास येत होता. फ्युएल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, तिसऱ्या प्रयत्नाला चालू. सुरुवातीला वरून टिकटिक यायची, ती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरची, दोनदा ऑइल बदलल्यावर गेली. टायमिंग बेल्ट ९६,००० किमीच्या आसपास बदलायचा असतो पण उभ्या गाडीचे किलोमीटर बघू नका, वय बघा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण म्हणून तो तसाच ठेवायचा नसतो. बेल्ट उघडलाच आहे तर वॉटर पंप आणि पुढची सीलं त्याच फेरीत करून टाका, नाहीतर तेच काम दोनदा होतं. आणि हो, सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड असतं, तिथली पुलीला जागेवर धरणारी चावी झिजून पुली डुगडुगायला लागते. क्रँक पुलीला चारच खाचा दिसल्या तर घेण्याआधीच नीट तपासा. माझी आठ खाचांची निघाली, सुटलो.

आता पाण्याचं. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण अकरापैकी सात महिने यानेच खाल्ले.

गाडी आणल्यावर महिनाभरात लक्षात आलं की पाऊस झाला की सीटमागचा गालिचा ओला होतो. टॉप जुना होता, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून चरचरलेली, म्हणजे गळतोय तो टॉपच असणार असं मीही धरून चाललो. एका टॉप बसवणाऱ्याकडे गेलो, त्याने वरवर बघून सांगितलं की टॉप संपलाय, नवीन घाला. घातला. हा या प्रोजेक्टमधला एकरकमी सगळ्यात मोठा खर्च. पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला. परत गेलो तर उत्तर काय, तर "अहो साहेब, जुन्या गाड्या थोड्या गळतातच." दोनदा गेलो, फोन केले, आवाज चढले, काही झालं नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की पाणी कुठून येतंय ते पैसे घ्यायच्या आधी एकदा तरी शोधायला हवं होतं.

शोधलं मीच, एका बाटलीभर पाण्याने. टॉपची मागची कड जिथे बॉडीला लागते तिथे आतून एक पन्हाळ असते. टॉपवरून ओघळलेलं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबामागे एकेका नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर जातं. म्हणजे टॉप कितीही नवा असला तरी पाणी या नळ्यांतूनच जाणार, ही गाडी बनवलीच तशी आहे. मी डावीकडे पाणी ओतलं, ते तिथेच तुंबून राहिलं आणि मग हळूहळू आत गालिच्याकडे सरकलं. उजवीकडेही तेच.

गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घेतली (तार अजिबात घालू नका, नळीला भोक पडतं आणि मग ती चोंदण्यापेक्षा वाईट), टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं आणि वरून सारत गेलो. अर्ध्यात अडकली. खालून दुसरा तुकडा घातला, फिरवत राहिलो, आणि मग एकदम भसकन काळं पाणी खाली पडलं. पाठोपाठ कुजलेल्या पानांचा लगदा, बोटाएवढा जाड, आणि त्यात एक बी रुजलेलं, त्याला बोटभर लांब पांढरं मूळ. नऊ वर्षांचं पाणी त्या मुळाने अडवून धरलं होतं. मी गाडीखाली उताणा पडलेलो, तोंडावर चिखल, आणि इतका आनंद मला इंजिन चालू झालं तेव्हाही झाला नव्हता.

पण तुंबलेलं पाणी तोवर जायचं तिथे गेलं होतं. सिल, म्हणजे दाराखालचा पोकळ उंबरा. मागच्या चाकाच्या पुढे रंगाला नखाएवढा फुगा होता, मी आधी त्याला महत्त्वच दिलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूला बाहेरून सगळं गुळगुळीत दिसत होतं, पण लोहचुंबक चिकटेना. कुणीतरी आधी कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वर जाड अंडरकोट मारला होता. असं काम करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. छत नसलेल्या गाडीची सगळी ताकद या सिलमध्ये असते, तिथे पुट्टी भरणं म्हणजे पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळ.

वेल्डिंगवाले दादा मात्र देवमाणूस भेटले. पहिला तास त्यांनी कटरला हातच लावला नाही. दाराच्या फटी वर, मध्ये, खाली मोजून वहीत लिहिल्या, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाकून पक्का केला, आणि म्हणाले, "पत्रा कापल्यावर गाडी मधून बसली तर दार जन्मात लागणार नाही." बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधला मजबुतीचा, तिन्ही थर चांगला पत्रा लागेपर्यंत कापले. जोडाच्या आत जस्ताचा प्रायमर, सगळं झाल्यावर पोकळीत लांब नळीने मेण. एकेका बाजूला जवळजवळ महिना गेला, कारण ते फक्त सुट्टीच्या दिवशी यायचे. शेवटी पाइप काढला, दार ढकललं, टक्कन एकाच आवाजात लागलं.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. टायर दिसायला नवे होते पण बाजूवर ३२०९ लिहिलेलं, म्हणजे २००९ चा ३२ वा आठवडा, चारही फेकले. मागचे ब्रेक कॅलिपर जाम होते. त्यांचा पिस्टन शिकंजा लावून दाबायचा नसतो, मागे १४ चा बोल्ट असतो, तो काढला की आत ४ ची ॲलन की लागते, ती फिरवून पिस्टन आत घ्यायचा. माझ्या आधी कुणीतरी तो जबरदस्तीने दाबलेला दिसत होता, एक कॅलिपर बदलावाच लागला. पॉप-अप लाइटची एक मोटर मेली होती, ती येईपर्यंत मोटरवरची घुंडी हाताने फिरवून लाइट वर ठेवला. पार्ट मिळण्याचं म्हणाल तर या वयाच्या गाडीसाठी आश्चर्य वाटावं इतके मिळतात. माझ्दाने स्वतः २०१७ मध्ये जपानमध्ये एनए रिस्टोअर करून द्यायची योजना जाहीर केली आणि सॉफ्ट टॉप, नार्डी कंपनीचं लाकडी स्टीअरिंग, अगदी १८५/६० आर १४ साइजचे टायरसुद्धा पुन्हा बनवले.

एक मात्र आवर्जून. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकत असेल तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. मला दोघांनी सांगितलं की रिअर मेन सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं सील गेलं, गिअरबॉक्स काढावा लागेल. पण इंजिनच्या हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (ठिणगीची वेळ ठरवायला लागणारा) असतो, त्याची ओ-रिंग वयाने कडक होते आणि ऑइल मागून ओघळत बरोबर त्याच सांध्यात येतं. सेन्सर कसा बसलाय त्याची खूण करून ठेवा, १२ चा बोल्ट सोडा, रिंग बदला, ठिणगीचं टायमिंग १० अंशांवर परत बघा. अंगठीएवढ्या रबराने काम झालं.

चालवायला कशी आहे? सात महिन्यांत सहा हजारच्या वर किमी झाले आणि अजून रोज घरी यायचा लांबचा रस्ता घेतो. वजन हजार किलोच्या आत, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमचा एक लांब फ्रेम, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला-दाबला तरी मध्ये कुठे लचक जाणवत नाही. गिअरचा दांडा मनगटानेच पडतो. ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर ऐकायला कमी वाटते, पण वळणावर इंजिन ७००० पर्यंत ओढत न्यायला मिळतं आणि तरी वेग शहाण्यासारखाच असतो, हे सुख मोठ्या गाडीत नाही.

हे वरचं लिहून तीन आठवडे झाले, मधल्या काळात दोन मतं बदलली.

पहिलं क्लचचं. वाटलं होतं क्लच प्लेट गेली. गेला होता स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडमधून घेऊन क्लच सोडवणारा गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर. रबराचा बूट मागे सरकवला तर आतून फ्लुइड ओघळलं. हा मी दीड वर्षापूर्वी नवीन घातलेला, दोनातला स्वस्त निवडून. दुकानदाराकडे गेलो तर म्हणे, "तुम्ही स्वतः बसवलात ना, मग वॉरंटी नाही." दोन बोल्टचं काम, त्यात कसली बसवायची चूक होणार. वाद घालून काही हाती लागलं नाही. आता चांगल्या बनावटीचा घातलाय, पेडलजवळचा मास्टर सिलिंडरही सोबतच बदलला, कारण नव्या स्लेव्हचा दाब जुन्या मास्टरच्या सीलांवर आला की तेही पाठोपाठ जातात. पेडल आता वरच्या निम्म्यातच क्लच सोडतं.

दुसरं टॉपवाल्याचं. वर त्याच्यावर रागावून लिहिलंय, तो राग शोध न घेण्याबद्दल आहे आणि तो तसाच आहे. पण गेल्या आठवड्यात शेजारच्याला नळी धरायला लावून टॉपवर वीस मिनिटं पाणी सोडलं. काचेच्या वरची कड, दाराच्या वरचे कोपरे, मागची शिवण, कुठे थेंब नाही. बसवलाय उत्तम. मागची काचही स्वच्छ आहे, टॉप खाली घ्यायच्या आधी मी दर वेळी तिची चेन उघडतो, तशीच दुमडली की तिला कायमची घडी पडते.

नळ्यांची तपासणी आता दर रविवारी होते. प्रत्येक बाजूला एक लिटर ओततो आणि चाकापुढे वाकून पाणी पडायचं थांबेपर्यंत मोजतो. डावीकडे अठरा सेकंद लागतात, उजवीकडे परवा एकतीस लागले. उजवीकडे पुन्हा काहीतरी साठतंय, दोरी काढून ठेवलीय, उद्या सकाळी खाली शिरणार.