कॅनचा स्पिरिट स्टोव्ह : दिवाळीपासून वापरायलोय, त्याचा अनुभव

महिन्यामागं कलानंदीगडावर माझ्या स्टोव्हचा जोड सुटला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर आळसच होता. दोन कॅनची बुडं जिथं एकात एक बसतात तिथून निळी ज्योत यायला लागली, वरच्या भोकांतलं प्रेशर गेलं आणि चहा कोमटच राहिला. फुकटच्या कॅननं एवढे महिने काढले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, ती खाली येईल आणि जरा लांबेल.

बनवायचा कसा याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. थोडक्यात, दोन रिकाम्या कॅनची बुडं कापून एकात एक बसवायची, वरच्या काठाला बारीक भोकं पाडायची आणि मधल्या खड्ड्यात स्पिरिट ओतून पेटवायचं. मी तीनशेचा बारीक कॅन सोडून बिअरचा पाचशेवाला घेतला, रुंद आहे, पातेलं डुगडुगत नाही. कॅनला तोटा नाही, शनिवार-रविवार निम्मं बेळगाव चोर्ला घाट उतरून गोव्यात असतंय, येताना भरलेले आणले तर चेकपोस्टवर भानगड, रिकाम्याला कोण विचारतंय. एकच सांगतो, आत जाणाऱ्या बुडाच्या काठाला पक्कडीनं बारीक चुण्या पाडून घ्या, त्याशिवाय दाबलं की बाहेरचा पत्रा उभा फाटतो आणि परत पहिल्यापासून. पॉलिश पेपर मारा नाहीतर बोट कापून घ्याल. वजन पंधरा ग्रॅमच्या आत, घरच्या काट्यावर बघितलंय.

चालतो मात्र झकास. आधी मधल्या खड्ड्यातलं स्पिरिट पेटतं, मग बाजूची पोकळी तापते आणि वाफ वरच्या भोकांतून बाहेर येऊन पेट घेते. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना काकडा लावून बर्नर तापवायचा आठवत असेल, तोच प्रकार, फक्त इथं पंप नाही, पिन नाही, आवाज नाही. स्पिरिट ७८ डिग्रीलाच उकळतंय त्यामुळं मिनिटभरात भोकं पेटतात. अर्धा लिटर पाणी आडोसा नीट असेल तर सात-आठ मिनिटांत उकळतं. आडोसा नसेल तर विसरा. राजहंसगडावर तटाच्या कडेला बसून बघा, वारा ज्योत आडवी करतो आणि पातेलं सोडून सगळं तापतं. मी ॲल्युमिनियम फॉइलची चार घड्या घालून पट्टी केलीय, खालून हवा जाईल एवढी जागा ठेवून.

स्पिरिट कुठलं घ्यायचं यावर बरेच प्रयोग झाले. सॅनिटायझर नको, त्यात पाव भाग पाणीच, शेवटी स्टोव्हमध्ये तेच उरतं आणि ज्योत मान टाकते. जेल तर अजिबात नको. आयसोप्रोपिलवालं काही मिळालं तर पिवळी ज्योत आणि पातेल्याला काजळी, ती घासायला लागली की घरात काय ऐकावं लागतं ते सांगत नाही. मिथेनॉल कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, ते विष आहे, वाफसुद्धा वाईट. फर्निचर पॉलिशवाले चपडी विरघळवायला वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट बरं पडतं. हार्डवेअरवाला पहिल्यांदा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत "याक बेक्री?" (कशाला पाहिजे?) म्हणाला, चहा करायला म्हटलं तर त्याला अजूनच संशय. आता ओळख झालीय पण बाटलीत भरताना मापाच्या रेघेखालीच थांबतो, असो.

आता मुख्य. उरलेलं स्पिरिट परत काढता येत नाही!! हा या स्टोव्हचा खरा दोष आणि यावर कुणी बोलतच नाही. सगळे वजन आणि टायमिंगवर भांडतात. चाळीस मिली ओतलं, चहाला पंचवीस लागलं, राहिलेलं पंधरा डोळ्यांदेखत जळत बसतं. फुंकर मारून विझत नाही, वर डबा पालथा घालून विझवलं तरी स्पिरिट दोन पत्र्यांच्या पोकळीत अडकतं, उलटा केला की भोकाभोकांतून हातावर येतं. कमी ओतावं तर पाणी उकळायच्या आधी संपतं, आणि पेटत्या स्टोव्हमध्ये वरून ओतायचं नाही म्हणजे नाहीच, ज्योत धारेतून बाटलीत येते. थंड होईपर्यंत थांबा, मग ओता, परत काकडा-पुराण पहिल्यापासून.

मी तर हिशेब मांडूनच बसलो. अर्धा लिटर पाणी २२ डिग्रीवरून आमच्याकडच्या उकळीला न्यायचं म्हणजे साधारण ९७ ला, अडीच हजार फुटांवर आहोत, १०० होत नाही. त्याला जवळजवळ १५७ किलोज्यूल. एक मिली इथेनॉल २१ देतं. म्हणजे कागदावर साडेसात मिलीत चहा व्हायला पाहिजे! लागतं पंचवीस. दोन तृतीयांश सह्याद्री तापवायला जातं, तेवढं मी मान्य केलंय. पण चहा झाल्यावर जे जळतं ते कुणासाठी? मित्र म्हणतो दोन रुपयाच्या स्पिरिटसाठी किती रे डोकं खातोस. दोन रुपये असू देत की, पण समोर जळायलंय ना.

इथपर्यंत महिन्याभरापूर्वी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिणार होतो की भोकंवाल्या स्टोव्हला तोड नाही. ते मत आता बदललंय. एक, खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी मिळाली, १० मिलीची रेघ असलेली. अडीच टोप्या म्हणजे दोन कप चहा, पावसात किंवा वाऱ्यात तीन. दोन, एका भावानं बसक्या डब्याला वरच्या काठाखाली पंचिंग मशीननं भोकं पाडून दिली, पातेलं थेट त्याच्यावरच ठेवायचं, मधलं तोंड झाकलं जातं आणि ज्योत बाजूनं येते. वेगळा स्टँड नको, पत्रा एकेरी, फाटायला जोडच नाही. आणि मुख्य म्हणजे डबा पालथा घालून विझवला, गार होऊ दिला की उरलेलं स्पिरिट सरळ बाटलीत परत! पारगडावर पहिल्यांदा निम्मी टोपी परत ओतली तेव्हा सोबतचे हसत होते, हसू देत. तोटा एवढाच की फक्त रुंद पातेलं चालतं, छोट्या मगाला ज्योत बाजूनं निसटून जाते, आणि पातेलं ठेवायची घाई केली तर पेटलेलं विझतं, अर्धं मिनिट तापू द्यावं लागतं.

ट्रँगियाचा पितळी स्पिरिट बर्नरही एकाचा वापरून बघितला. स्वीडनची कंपनी, १९२५ पासूनची. त्याला आट्यांचं झाकण, उरलेलं आत तसंच ठेवून सॅकमध्ये टाकायचं, गरम असताना लावलं तर आतली रबराची रिंग जाते एवढं सांभाळायचं. ज्योत बारीक करायलाही वेगळं झाकण आहे, म्हणजे खिचडी होते, कॅनवर खिचडी म्हणजे खाली करपलेली आणि वर कच्ची. मन डळमळलं खरं. पण वजन शंभर ग्रॅमच्या वर, आणि किंमत बघितल्यावर वाटलं त्यात मला दोन-तीन वर्षांचं स्पिरिट येईल.

गॅसवाल्यांनी लगेच उड्या मारू नका. एलपीजीत ग्रॅममागं स्पिरिटच्या पावणेदोनपट ऊर्जा आहे, चार दिवसांच्या ट्रेकला माणसं जास्त असतील तर गॅसच न्या. पण एका मुक्कामाला रिकाम्या सिलिंडरचं ओझं कशाला. शिवाय माझ्या गॅस बर्नरचा व्हॉल्व गळायला लागल्यावर सर्व्हिसवाल्यानं दीड महिना "पार्ट येतोय" म्हणत फिरवलं, तो पार्ट अजून येतोयच.

दिवसा उन्हात ज्योत दिसत नाही, विझली समजून हात लावू नका, लांबून वर तळवा धरून बघा. फेब्रुवारीनंतर गवत वाळलं की उघड्या सड्यावर, कातळावरच पेटवा, आणि जांबोटी-भीमगडकडच्या जंगलात पेटवूच नका, थर्मास न्या.

कुणाला बसका डबा करून पाहिजे असेल तर डबा घेऊन या, भोकं पाडून देतो. स्पिरिट तुमचं तुम्ही आणायचं.